पाहुण्या कोपऱ्यातला ठोसा

वेंब्लीच्या वरच्या मजल्यावरून बॉक्सिंगची रिंग हातभर दिसते. २९ एप्रिल २०१७ च्या रात्री अँथनी जोशुआ आणि व्लादिमिर क्लिच्को यांची लढत बघायला तिथं ९०,००० माणसं जमली होती. आम्ही वरचे लोक ती मोठ्या पडद्यावरच बघत होतो. पाचव्या राउंडला क्लिच्को पडला, सहाव्याला जोशुआ. खालच्या खुर्च्यांतून गलका उठायचा, चढत चढत आमच्यापर्यंत यायचा आणि आम्हीही ओरडायचो. कशासाठी ओरडलो ते रिप्ले आला की कळायचं! अकराव्या राउंडला रेफरीनं लढत थांबवली तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? पण तो ठोशांमुळे किती आणि त्या गर्दीमुळे किती, हे मला अजून सांगता येत नाही.

यॉर्क हॉलचा मामला वेगळा. पूर्व लंडनमध्ये बेथनल ग्रीनला १९२९ साली सार्वजनिक स्नानगृहांसाठी ही इमारत उभी राहिली. हॉलमध्ये बाराशेच्या आसपास माणसं मावतात. बाल्कनीतूनसुद्धा घामाचे थेंब उडताना दिसतात, आणि बरगडीवर बसलेल्या ठोशाचा आवाज ऐकू येतो. टीव्हीवरच्या आवाजापेक्षा बोदा, ओला.

तिकीट मला लढणाऱ्या पोरानंच विकलं होतं. ऑफिसातल्या एकाचा तो भाचा. छोट्या हॉलमधली ही रीतच आहे: नवख्या बॉक्सरनं आपली तिकिटं आपणच खपवायची आणि त्यातून समोरच्याचं मानधनही निघालं पाहिजे. त्यामुळे प्रत्येक जण आपलं वऱ्हाड घेऊन येतो. काका, मामेभाऊ, जिमचे सोबती, कामावरचे दोस्त. त्याची लढत झाली की वऱ्हाड बारकडे निघतं आणि पुढच्याचं वऱ्हाड खुर्च्या सरकवत पुढे येतं. कोल्हापूरच्या खासबागेत शाहू महाराजांनी हौदाभोवती उतार असा दिला की कुठूनही कुस्ती दिसावी. पण तिथंही गळा मोकळा होतो तो आपल्या गावच्या पैलवानासाठीच.

समोरच्या कोपऱ्यातला मात्र एकटा असतो. त्याला जर्नीमन म्हणतात. नवख्यांना शिकवत, बहुतेकदा गुणांवर हरत, गावोगाव लढणारा. त्या रात्रीचा चाळिशीकडे झुकलेला होता. पोरगा आवेशानं हात फिरवायचा, ते जर्नीमनच्या ग्लोव्हजवर, कोपरांवर आपटायचे आणि हॉल दणाणून जायचा. जर्नीमननं मधेच एक नेटका जॅब नाकावर ठेवला. पोराची मान मागे गेली. हॉलमध्ये चूं नाही. पुन्हा तोच जॅब, पुन्हा तेच. ज्या ठोशाला ओरडा मिळत नाही तो बसलाच नाही असं वाटायला लागतं. अशा लढतीत गुण देतो एकटा रेफरी, आणि कानही त्याला दोनच. त्यानं पोराचा हात वर केला. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण हॉलला वाटलं तितका तो एकतर्फी नव्हता. जर्नीमन हसत पोराच्या मामांशी हात मिळवून निघून गेला.

मग करोनात प्रेक्षकांनाच बंदी आली. २२ ऑगस्ट २०२० ला डिलियन व्हाइट आणि अलेक्झांडर पोवेट्किन लढले ते एसेक्समधल्या ब्रेंटवुडला, प्रवर्तक कंपनीच्या मुख्यालयाच्या बागेत. मी घरी सोफ्यावर. कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांचे शब्द, बुटांची करकर, फेकलेल्या ठोशाबरोबरचा हुंकार, सगळं ऐकू येत होतं. दोघांचेही ठोसे मला एकाच मोलाचे वाटत होते. न्याय्य म्हणतात ते हेच असावं; पण तिसऱ्या राउंडपर्यंत मी फोन चाळायला लागलो होतो, हेही खरं. चौथ्यात पोवेट्किन दोनदा पडला, तेव्हा फोन बाजूला ठेवला. पाचवा सुरू होतो न होतो तोच त्यानं खालून डावा अपरकट काढला आणि व्हाइट पाठीवर आडवा झाला. मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको आतून धावत आली.

"काय सांडलं?"