साक्षीदार क्रमांक दोन

मृत्युपत्र केले की माणूस सुटतो, असे म्हणतात. तो सुटतो हे खरे. अडकतात ते मागे राहिलेले. आमच्या अण्णांनी दादरची दोन खोल्यांची जागा आम्हा तिघा भावंडांना सारखी वाटून दिली होती. दोन खोल्या तिघांत वाटायच्या म्हणजे एकाच्या वाट्याला मोरी येणार. तेव्हा जागा विकून पैसे वाटावेत, हेही त्यांनीच लिहून ठेवले होते. मला नेमले होते एक्झिक्युटर.

"म्हणजे फाशी देणारा ना?" बायकोने विचारले.

"तो निराळा. त्याचं काम एका दिवसात आटोपतं."

गिऱ्हाईक आले, जागा पसंत पडली आणि त्याच्या वकिलाने विचारले, "प्रोबेट कुठंय?" हे 2014 साल. मुंबईतल्या जागेचे मृत्युपत्र हिंदू माणसाने केले असेल, तर 1925 च्या वारसा कायद्यातील कलम 213 प्रमाणे प्रोबेट लागे. म्हणजे, हेच त्या माणसाचे खरे मृत्युपत्र, असा कोर्टाचा शिक्का. तीच जागा पुण्यात असती आणि मृत्युपत्रही तिथेच झाले असते, तर ही सक्ती नव्हती. पुढे 2025 साली संसदेने ते कलमच काढून टाकले. पण अण्णा आयुष्यभर सगळीकडे वेळेआधी पोचत, त्याला कोण काय करणार!

कोर्ट फीची कमाल मर्यादा 75,000 रुपये होती. दादरच्या भावाने ती आम्ही लीलया गाठली. भावाबहिणीची 'हरकत नाही' अशी प्रतिज्ञापत्रे हवी होती. ताईने सही केली आणि लगेच पुरणयंत्राला हरकत घेतली. पुरणयंत्र मृत्युपत्रात नव्हते, त्यामुळे त्यावर भांडायला सगळे मोकळे होते.

खरी पंचाईत पुढेच होती. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही; पण साक्षीदार दोन लागतात, आणि त्यांतल्या एकाने तरी कोर्टाला शपथेवर सांगावे लागते. पहिले साक्षीदार आमचे डॉक्टर. ते अण्णांच्याही आधी गेले. दुसरी सही शेजारच्या काकांची.

या काकांचे आणि अण्णांचे 1998 च्या दिवाळीपासून बोलणे बंद होते. कारण, जिन्याच्या तोंडाशी आम्ही ठेवलेला चपलांचा स्टँड. आणि मृत्युपत्र होते 2003 चे! म्हणजे भांडण ऐन भरात असताना अण्णांनी साक्षीला शत्रू बोलावला होता. आता विक्री, वाटणी, ताईच्या मुलाचे शिक्षण, सगळे या एका म्हाताऱ्याच्या मर्जीवर आले.

मी भीतभीत बेल वाजवली. काकांनी चष्मा लावून सही न्याहाळली.

"माझीच आहे. तुझे वडील त्या दिवशी दारात उभे राहिले. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, सही हवी. मी म्हटलं, माझीच का? तर म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात असं कुणी म्हणणार नाही."

"मग?"

"मग काय? डॉक्टर समोर बसलेले. सही केली, चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बोलणं बंद."

"आणि आता प्रतिज्ञापत्र..."

"देतो की! भांडण तुझ्या बापाशी होतं, त्याच्या सहीशी नव्हतं."

ठरल्या दिवशी काका कोट घालून आले. वकिलांनी विचारले, "मयतांना आपण कसे ओळखत होता?"

"भांडणामुळे," काका म्हणाले. वकिलांनी 'शेजारी' असे लिहून घेतले. कायद्याच्या भाषेत बहुधा दोन्ही एकच.

प्रोबेट मिळाले. कपाटे, भांडी, देव ज्याच्या त्याच्या घरी गेले. पुरणयंत्र ताईकडे गेले. काका आपल्या दारातून सामान उतरताना बघत होते.

"जागा कुणाला देतोस?"

"बँकेतले गृहस्थ आहेत. फार शांत माणूस."

काकांचा चेहरा उतरला. "शांत? मग माझं कसं व्हायचं रे?"

व्यवहार ठरल्याप्रमाणे झाला. चपलांचा स्टँड तेवढा आम्ही हलवला नाही. किंमत न लावता, होता त्याच जागी, नव्या मालकांच्या स्वाधीन केला.