नवा पाळणा आणि बिरड्याचा सण

सहलीला जाणे सोपे असते. सहल ठरविणे मात्र अवघड. त्यातून घरात चार पिढ्या नांदत असल्या, एकीचे गुडघे साथ देत नसले आणि दुसरीला पाळण्यात बसण्याइतकी उंची अद्याप आलेली नसली, म्हणजे सहलीचा बेत लग्नाच्या बोलणीइतका गुंतागुंतीचा होऊन बसतो. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी असाच एक बेत शिजला. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांवर हल्ली असा प्रसंग येतो, म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ३२ किलोमीटरवर मार्न-ला-व्हॅले येथे डिस्नेलँड हे उद्यान १२ एप्रिल १९९२ रोजी सुरू झाले. त्याच आवारात २००२ साली दुसरे उद्यान उघडले. या दुसऱ्या उद्यानात 'अ‍ॅव्हेंजर्स कँपस' नावाचा नवा विभाग २० जुलै २०२२ रोजी खुला होणार, अशी वार्ता पेसाहच्या सुमारास आमच्या घरी येऊन थडकली. ती आणणारा आमचा थोरला नातू. वय अठरा, ऑगस्टच्या अखेरीस त्याला सैन्यात दाखल व्हायचे होते. इस्राएलमध्ये राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगावयास नको. मुलगा एकदा गणवेशात गेला की पुढे कित्येक महिने त्याची सुटी लष्कर ठरविते. घराला फक्त वाट पाहावी लागते. तेव्हा हा उन्हाळा सर्वांनी मिळून काढण्याचा शेवटचा, ही जाणीव कोणी बोलून न दाखविताही घरभर होती. "उद्घाटनाच्या दिवशीच जाऊ या," एवढेच त्याचे मागणे होते.

आम्ही माणसे आठ. आम्ही उभयता, आमच्या सत्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, मुलगा, सून आणि तीन नातवंडे. लहानमोठी सारी मुले मातोश्रींना 'साव्ता' म्हणून हाक मारतात. हिब्रूतली ही हाक त्यांच्या कानी प्रथम पडली तेव्हा "अरे, मी कोणाची सवत?" असे त्यांनी विचारले होते. पुढे सवय झाली.

मुलाने भिंतीवर शाळेचे वेळापत्रक लावले. येथील प्राथमिक शाळा ३० जूनला संपतात आणि १ सप्टेंबरला उघडतात. त्या हिशेबाने २० जुलै अगदी सोयीचा. सुनेला रजा मिळण्यासारखी होती. विमानाचे दरही पाहून झाले. मग मातोश्रींनी आपले पंचांग काढले आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या दिवसांत मी नाही येणार. तुम्ही खुशाल जा."

तम्मूझचा सतरावा आणि आवचा नववा हे दोन्ही दिवस त्या वर्षी शब्बाथला आले होते. त्यामुळे दोन्ही उपवास एकेक दिवस पुढे, रविवारी गेले: पहिला १७ जुलैला आणि दुसरा ७ ऑगस्टला. मधले तीन आठवडे मंदिराच्या नाशाचे स्मरण करण्याचे. त्यांत गाणेबजावणे नाही, लग्नकार्य नाही. नवव्या आवला आपले वाडवडील कोकणात 'बिरड्याचा सण' म्हणत आले. वालाच्या बिरड्यावरून पडलेले हे नाव ऐकताच मातोश्रींना आपले माहेर आठवते. त्या तीन आठवड्यांच्या चौथ्याच दिवशी पाळण्यात बसून आरोळ्या ठोकायच्या, हे त्यांना पटेना. मुलगा म्हणाला, "आई, काळ बदलला आहे." मातोश्रींच्या मदतीला धावून आली ती आमची सून, आणि ती तर मोरोक्कोच्या कुळातली! तिच्या आजोळीही हे दिवस असेच पाळले जात. कोकणातली सासरची आजी आणि माराकेशची आजी यांचे पंचांग एकच निघाले, याचे आम्हांस कौतुक वाटले.

दुसरा प्रश्न उंचीचा होता. नव्या विभागात मुख्य खेळ दोन. 'फ्लाइट फोर्स' हे अंधारात धावणारे रोलर कोस्टर. ते क्षणात ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग घेते आणि तीनदा माणसाला उलटे करते. त्यासाठी किमान उंची १ मीटर २० सेंटीमीटर. आमची धाकटी नात सहा वर्षांची. स्वयंपाकघराच्या दारापाशी उभी करून मोजली तेव्हा १ मीटर १६ भरली. जाड तळाचे बूट घालण्याची युक्ती भावाने सुचविली, ती आम्ही मोडून काढली. ही अट म्हणजे दारावरच्या माणसाची लहर नव्हे. अंगावर आवळला जाणारा आडणा ठराविक बांध्याच्या शरीरासाठीच घडविलेला असतो. बुटाने उंची वाढते, खांदे रुंदावत नाहीत. 'स्पायडर-मॅन' हा दुसरा खेळ मात्र सर्वांना खुला होता.

तिसरा मुद्दा आम्ही उभयतांनी मांडला. उद्घाटनाचा दिवस खरोखर कोणाचा असतो? अमेरिकेत ओर्लँडो येथे १३ जून २०१९ रोजी हॅग्रिडच्या मोटारसायकलीचा नवा पाळणा सुरू झाला, त्या दिवशी रांग दहा तासांपर्यंत गेली होती. याचे कारण साधे आहे. यंत्र तासाला ठराविकच माणसे नेऊ शकते. येणारी माणसे त्याच्या कैक पटींनी असतात. शिवाय पुढची गाडी आपला टप्पा सोडून गेल्याची खात्री झाल्यावाचून यंत्रणा मागच्या गाडीला त्यात शिरू देत नाही. जराशी शंका आली तरी सर्व गाड्या थांबविते. ही व्यवस्था आपल्याच जिवासाठी असते. परंतु पहिल्या दिवसांत अशा शंका जास्त येतात, आणि उन्हात उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ते समजावून सांगता येत नाही. त्यातही गंमत अशी, की 'फ्लाइट फोर्स'चा रूळ मुळी नवा नव्हताच. २००२ पासून तेथे रॉक संगीताच्या तालावर गाडी धावत होती. २०१९ साली ती बंद करून तिला नवा साज चढविला होता.

तरीही नातवाचे मन मोडवेना. मातोश्रींना मागे ठेवून जावे, की मुलाची हौस पुढे ढकलावी? एके शुक्रवारी रात्री किद्दूशनंतर त्यानेच कोडे सोडविले. तो हिब्रूत जे म्हणाला त्याचा मराठीत मतलब असा: "पाळणा तिथेच राहणार आहे, जाणार आहे तो मी. मग तारीख माझी धरा, पाळण्याची कशाला?" उपवासानंतर आणि त्याच्या भरतीपूर्वी दोन आठवड्यांहून अधिक अवकाश होता. ९ ऑगस्टची तिकिटे काढली.

मातोश्रींना त्यात काही नवल वाटले नाही. त्यांच्या लहानपणी सहल म्हणजे अलिबागजवळचे खंडाळे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तेथून पुढे मिळेल त्या वाहनाने. एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण ज्या खडकावर मानतात, तेथे नवस फेडायचा, मलिदा करायचा, पोहे-नारळ-गुळाचा प्रसाद वाटायचा. त्या खडकात दरवर्षी नवे काय असणार? नवे असे ते तान्हे मूल, ज्याच्यासाठी नवस बोललेला असे. त्याची प्रकृती, बाळंतिणीची ताकद, वडिलांची रजा पाहून दिवस ठरे. खडकाला घाई नसे.

ठरलेला बेत तडीस जाईल की नाही, याची धास्ती पुढे होतीच. ५ ऑगस्टला गाझाच्या सीमेवर लढाई पेटली आणि दक्षिणेत भोंगे वाजू लागले. पेट्या अर्ध्या भरलेल्या. रविवारी उपवासाच्या पोटी मातोश्रींनी सुरक्षित खोलीत बसून मोड आलेले वाल सोलले. नातू त्यांच्याशेजारी बसून सालपटे गोळा करीत होता. पुढच्या वर्षी असे भोंगे वाजतील तेव्हा तो कोठे असेल, हा विचार आम्हां सर्वांच्या मनात होता, आणि कोणीही तो उच्चारला नाही. संध्याकाळी बिरड्यावर उपवास सुटला. रात्री साडेअकराला युद्धविराम झाला. मंगळवारी आम्ही विमानात होतो.

त्या ऑगस्टात फ्रान्समध्ये उष्णतेची लाट होती. मातोश्रींसाठी चाकांची खुर्ची भाड्याने घेतली. 'फ्लाइट फोर्स'ला मुलगा दोन्ही मोठ्या मुलांना घेऊन रांगेत उभा राहिला. लहानग्यासोबत मागे थांबलेल्या पालकास नंतर पुन्हा रांग न लावता जाता येते, त्या सोयीचा लाभ सुनेने घेतला. रांग तासाहून अधिक, खेळ दीड मिनिटाचा. नातू विस्कटलेल्या केसांनी बाहेर आला आणि पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. 'स्पायडर-मॅन'मध्ये हात झटकून जाळी फेकायची असते. त्यात धाकटीने आम्हां दोघांहून अधिक गुण मिळविले. मातोश्रींना एका होडीच्या खेळात बसविले. सभोवती गाणी चालली होती. उतरल्यावर म्हणाल्या, "रेवसच्या लाँचला एवढी गाणी नव्हती, पण हलायची ती जास्त."

शब्बाथ आम्ही पॅरिसमध्येच केला. तो शब्बाथ नहामू, सांत्वनाचा शब्बाथ होता. ऑगस्टात तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून मेणबत्त्या उशिरा लागल्या आणि शनिवारही लांबला. खाण्याची जिन्नस शुक्रवारीच र्यू दे रोझिएच्या दुकानांतून आणून ठेवली होती.

ज्या कुटुंबांत असे बेत चालले असतील त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. आधी शाळेचे, भरतीचे आणि आपले धार्मिक पंचांग एकाशेजारी एक मांडावे. पाळण्याची तारीख सर्वांत शेवटी पाहावी. मुलांची उंची घरीच मोजावी, म्हणजे दारावर रडारड होत नाही. चालण्याचा वेग घरातील सर्वांत थकलेल्या माणसाचा धरावा. आणि पहिल्या दिवसाचा मोह पडलाच, तर घरातले कोण त्या दिवशी मागे राहणार आहे, हे आधी विचारावे. उद्घाटनाला जगभरची माणसे जमतात. आपली आठ माणसे एकत्र जमतील असा दिवस मात्र आपल्यालाच शोधावा लागतो.