दोन हातांची गन

शिरूरला पुणे-नगर रस्त्यालगत आपल्या वसतिगृहातील एका माजी विद्यार्थ्याने गॅरेज काढले, तेव्हा त्याला काही भेट द्यावी असे आमच्या मनात आले. दौंडला घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही एका हाताने दाबायची चकचकीत रिव्हेट गन घेतली. इतिहासाच्या माणसाची खरेदी ती!

"जय भीम, सर," म्हणत त्याने ती दोन्ही हातांनी स्वीकारली आणि संकोचत आम्हाला एका जीपच्या मडगार्डापाशी नेले. पत्र्यामागे हात पोहोचत नाही, तेथे पोकळ पॉप रिव्हेट बाहेरूनच बसवतात. गन आतला खिळा ओढते, मागचे टोक फुगते, खिळा तुटतो. ३.२ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट सहज बसले. ४.८ मिलिमीटरच्या स्टीलच्या रिव्हेटचा खिळा मात्र दोघांनी जोर लावूनही तुटेना.

"इथे स्टीलचेच टिकतात, सर. लांब दांड्यांची, दोन हातांची गन हवी. प्रत्येक मापाचे नोझलही आधी पाहून घ्यायचे."

दहावीनंतर हा आयटीआयला निघाला, तेव्हा आम्ही त्याला अडवले होते. ज्या हातांकडून पिढ्यान्‌पिढ्या वेठ करून घेतली, त्या हातांत पुस्तकच असावे, हा आमचा हट्ट. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. पण वेठीत हत्यार निवडण्याचा अधिकार नसतो आणि धंद्यात असतो, एवढे साधे आमच्या ध्यानी आले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे दौंडच्या दुकानात गेलो. त्याने पत्र्याच्या तुकड्यात रिव्हेट बसवून पाहिले, मगच होकार दिला. लहान गन मात्र त्याने परत करू दिली नाही, मडफ्लॅपसाठी ठेवली.