सगळ्यात हळू किती?

तर मंडळी, गोष्ट सुरू होते बर्फापासून. आमच्या माण तालुक्यात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, रसवंतीगृहात आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. पण हा बर्फ खरा होता, आणि माझ्या मामेभावाच्या दारात दीड फूट साचला होता.

दादा मिनियापोलिसजवळ राहतो. २०१९ च्या जानेवारीत त्याने एक व्हिडिओ पाठवला. चार जाडजूड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, पुढे पाच फुटी लोखंडी पातं आणि त्यावर माकडटोपी घालून बसलेला आमचा दादा घरासमोरचा रस्ता साफ करतोय. हिला म्हणतात एटीव्ही. (आमच्या गावात पुढे तिचं नाव 'चार चाकांची फटफटी' पडलं, आणि तेच जास्त बरोबर आहे.) विंचच्या दोराने पातं वर-खाली होतं. गाडी हलकी असल्यामुळे चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून मागच्या कॅरियरवर वाळूची पोती. पहिला बर्फ मुद्दाम लांब ढकलायचा, नाहीतर फेब्रुवारीत ढकलायला जागाच उरत नाही. हे सगळं त्याने मला फोनवर अर्धा तास समजावलं, आणि शेवटी म्हणाला, "उन्हाळ्यात पातं काढायचं आणि रानात हिंडायचं. अरे, तुमच्या डाळिंबात पण चालेल की!"

झालं! किडा डोक्यात शिरला.

त्याला कारणही होतं. गोंदवल्याच्या पुढे, म्हसवड रस्त्यापासून थोडं आत आमची साडेतीन एकर डाळिंबाची बाग. मुरमाड रान, पाऊस बेताचा, पण डाळिंबाला ते मानवतं. न मानवणारी गोष्ट म्हणजे तेल्या. पावसाची सर येऊन गेली की फवारणी, ढगाळलं की फवारणी. आमच्याकडे एचटीपी पंप होता. एकाने गन धरायची, दोघांनी पाइप ओढायचा. ओढायला माणसं मिळेनात, म्हणून सहासष्ट वर्षांचे आबा स्वतःच पाइप ओढायचे. डिसेंबरात बांधावर पाय घसरून पडले आणि दहा दिवस अंथरुणात. तो फोन आईने केला. त्याच फोनवर मागून आबांचा आवाज आला, "त्याला सांग, औंदाचा बहार धरतो, मग बाग काढून टाकतो."

पुण्यात बसून हे ऐकायला कसं वाटतं ते सांगत नाही. बाग गेली की आबा काय करणार, आणि खरं सांगायचं तर मी शनिवारी एवढा दोनशे किलोमीटर जाऊन काय करणार, हे दोन्ही प्रश्न एकदमच आले.

मग मी आपल्या जमातीचे लोक करतात तेच केलं. एक्सेल उघडलं. उभ्या रकान्यात यंत्रं, आडव्या ओळीत निकष, प्रत्येकाला वेटेज. एटीव्ही, मिनी ट्रॅक्टर, पॉवर टिलर. 'मजा' असा निकष लिहायची लाज वाटली म्हणून तिथे 'इतर उपयोग' लिहिलं आणि वीस टक्के देऊन टाकले. शनिवारी संध्याकाळी माळावरून वारुगडाच्या बाजूला धूळ उडवत चाललोय, असं चित्र त्या वीस टक्क्यांत होतं. आमच्या माणला रस्ते कमी आणि माळ जास्त, म्हणजे एटीव्हीसाठी याहून चांगली जागा कुठली?

आणि योगायोग बघा. साधी एटीव्ही आपल्याकडे आरटीओत नोंदत नाहीत, त्यामुळे ती रस्त्यावर आणता येत नाही. ती डोंगरावरच्या रिसॉर्टात पाच-सहाशे मीटरच्या गोल ट्रॅकवर फिरवायची. पण पोलारिसने (कंपनी दादाच्याच मिनेसोटातली) २०१८ च्या सुमारास तिची स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून आणली होती. किंमत आठ लाखांच्या आसपास. म्हणजे कागदावर ट्रॅक्टर, बसल्यावर फटफटी. चौतीस एचपी! शेजारच्या ओळीत महिंद्राचा युवराज, एका सिलिंडरचा, पंधरा एचपीचा. माझ्या शीटने मिनिटात निकाल दिला. किंमत दुपटीहून जास्त होती, पण माझा पगार आणि माझी हौस असताना तिला कोण विचारतो?

आबांना पुण्याला बोलावलं. त्यांना गाडी दाखवली. विकणारा मुलगा भला होता, त्याने सस्पेन्शन सांगितलं, फोर व्हील ड्राइव्ह सांगितली, टायरमध्ये हवा किती कमी ठेवतात ते सांगितलं. आबा टोपी हातात घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले, जनावराच्या बाजारात मारतात तशा. मग म्हणाले, "लय देखणी हाय. पर साहेब, ही हळू किती जाती?"

मुलगा म्हणाला, "काका, फास्ट किती जाते ते..."

"न्हाय न्हाय. सगळ्यात हळू किती?"

मुलाला उत्तर येईना, आणि खरं म्हणजे मलाही नाही. माझ्या शीटमध्ये तो रकानाच नव्हता.

घरी येऊन बसलो तेव्हा हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. फवारणी करताना यंत्र माणसाच्या चालीने, ताशी दोन-तीन किलोमीटरने, तासन्तास एकसारखं चालावं लागतं. एटीव्हीत बहुतेक वेळा गिअरऐवजी रबरी पट्टा असतो. हळू आणि सतत ओढ लागली की तो घसरतो, तापतो. बर्फ ढकलणं वेगळं, जमिनीत दात रुतवून ओढणं वेगळं. बर्फ वर पडलेला असतो, हराळी आत धरून बसते. ओढायला चाकांवर वजन लागतं. ही गाडी सव्वातीनशे किलोच्या आसपास, तो छोटा युवराज पावणेआठशे. दादाची वाळूची पोती मला आत्ता कळली! शिवाय ब्लोअर फिरवायला मागे पीटीओ हवा, तो साध्या एटीव्हीला नसतो. चौतीस एचपी होती, पण ती पळण्यासाठी होती.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही इतक्या उलटल्या की १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये करार होऊन त्यांची विक्रीच थांबली. चारचाकी आली तरी उलटायची ती उलटतेच, आणि मोठ्या माणसांची एटीव्ही सोळा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं तिकडे बजावून सांगतात. आमच्या बागेला सहा बांध. एका बांधावरून आबा नुकतेच पडले होते. आणि पुतण्या अकरा वर्षांचा, किल्ली कुठे ठेवलीय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. मी सगळे निकष शनिवार-रविवारच्या माणसाचे लावले होते. सोमवार ते शुक्रवार ती चालवणार कोण, हे मी विचारलंच नव्हतं.

रात्री आबांना म्हणालो, "तुम्हाला नुसतं कामाचंच यंत्र पाहिजे, मजेचं नको, असंच ना?"

आबा हसले. "आरं, आमी बैल कसा घेत होतो?"

आणि मग मला न विचारता सुरू झाले. खिलार. माणदेशाचा बैल, काटक, लांब शिंगांचा, चालीला तेज. माझ्या आजोबांनी आटपाडीच्या बाजारातून जोडी आणली तेव्हा आठवडाभर नांगर आणि यात्रेत शर्यत, दोन्हीचा हिशेब केला होता. नांगराला धिमा, शर्यतीला भन्नाट, असा बैल शोधत दोन बाजार हिंडले. आबांनी वयाच्या विसाव्या वर्षी ती जोडी पळवलेली, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळत होतं. आमची शेवटची जोडी २०१३ च्या दुष्काळात छावणीत काढली आणि नंतर विकली. सुप्रीम कोर्टाने शर्यती २०१४ मध्ये बंद केल्या, तेव्हा आबा काही बोलले नाहीत. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली, तेव्हाही नाही. मला वाटायचं त्यांना त्यात रस नाही.

"मग शर्यतीचा बैल नांगराला चालायचा?" मी विचारलं.

"शर्यत वरसातनं चार डाव. नांगर रोज. त्यो आधी बगायचा."

तर असो. फलटणच्या बाजूला एकाचा पंधरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर मिळाला, तीन वर्षं वापरलेला, बोनेटवर ओरखडे, इंजिन उत्तम. ब्लोअर वेगळा घेतला. दोन्ही मिळून एटीव्हीच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं. दोन ओळींमधून तो आरामात जातो. पाइप ओढणं संपलं. फवारणीला आता आबा एकटे पुरतात. बाग काढायचा विषय पुन्हा निघालेला नाही. मी तो जास्त ताणत नाही, कारण तेल्या कधी काय करेल सांगता येत नाही. दादाला फोटो पाठवला तर म्हणाला, "अरे, याला स्पीड काय!" त्याला काय सांगणार.

सवयीने मी ट्रॅक्टरसाठीही एक शीट केलं. किती तास फवारणी, किती तास कोळपणी, डिझेल किती. आबा फोनवर सांगतात, मी भरतो. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा मीटरवरचे तास बघितले. माझ्या बेरजेपेक्षा एकतीस तास जास्त! मीटर बिघडलं असेल म्हणून गावातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बघितलं, म्हणाला मीटर ठीक आहे.

चहा पिताना तोच सहज बोलला, "आबा रोज सांजच्याला तळ्यापतुर जात्यात की. मागं ना ट्रॉली, ना काय. जात्यात, पाण्याकडं बगत थांबत्यात, येत्यात."

आबा तिथेच बसले होते. बशीतला चहा संपवून म्हणाले, "इंजिन बंद ठिवलं की बॅटरी उतरती."

मी शीटमध्ये एक नवा रकाना घातला, 'इतर उपयोग', आणि त्यात एकतीस लिहिले.