काय दिसतंय?

दिवसभर मी एकच प्रश्न विचारत असतो. ट्रायल फ्रेममध्ये भिंग टाकायचं आणि विचारायचं, ‘आता?’ भिंग थोडं फिरवायचं, ‘आधीचं बरं की हे?’ नंबर काढणं म्हणजे एवढंच, असं लोकांना वाटतं, आणि ते फारसं चूकही नाही. अडचण असते ती उत्तराची. समोरचा माणूस मला खूश करायला बघतो. ओळ दिसत नसली तरी अंदाजाने वाचतो. काही जण बाहेरच्या बाकावर बसून आधीच्या पेशंटची अक्षरं ऐकून आलेले असतात. शाळकरी मुलं डोळे किलकिले करून शेवटची ओळ गाठतात, कारण त्यांच्या लेखी समोर तक्ता असला की ती परीक्षाच. त्यांना सांगावं लागतं, ‘बाळा, इथे कोणी नापास होत नाही. धूसर दिसत असेल तर धूसर म्हण.’

नगरला माझं छोटं दुकान आहे, जेमतेम दहा फूट लांब. स्नेलन नावाच्या डच डॉक्टराने 1862 मध्ये केलेला तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. बाजारपेठेत एवढी जागा परवडणार कोणाला? म्हणून पेशंटच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांचा तक्ता आणि समोरच्या भिंतीवर आरसा. जाऊन-येऊन सहा मीटर होतात. आरसा मात्र चांगला लागतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की आत्ता आपल्याला आरशात दिसतं तसं अंधुक दिसतं; तेव्हाचे आरसे घासलेल्या धातूचे असत. त्याची तक्रार मला नेमकी कळते.

आमच्या मंडळीत मी चष्मेवाला म्हणून ओळखला जातो. त्यामुळे उपदेशात कधी ना कधी चष्मा येतोच, आणि पाळकसाहेब माझ्याकडे बघून हसतात. दृष्टान्त जुना आहे. सोळाव्या शतकात कॅल्विनने पवित्र शास्त्राला चष्म्याची उपमा दिली होती: म्हाताऱ्याच्या अधू डोळ्यांना पुस्तक नुसतं पुसट दिसतं, चष्मा लावला की अक्षरं सुटी होतात, तसं. कॅल्विनशी माझं भांडण नाही. पण ऐकणारे त्यातून जे घेऊन उठतात, त्याच्याशी आहे. विश्वासाचा चष्मा एकदा चढवला की झालं, जग लख्ख! माझ्या धंद्यात असं लख्ख दिसण्याचा संशय घ्यायला शिकवतात. लांबचं न दिसणाऱ्या तरुण पोरांना गरजेपेक्षा अर्धा नंबर जास्त दिला तर अक्षरं काळीभोर, ठसठशीत दिसतात. ती पोरं तेच भिंग मागतात, हट्टाने मागतात. ते ठसठशीतपण डोळ्याने आतून ताण देऊन मिळवलेलं असतं. संध्याकाळी कपाळ दुखतं. तारलेले इकडे आणि बुडालेले तिकडे अशी जगाची चोख वाटणी करून चर्चच्या पायऱ्या उतरणारी माणसं पाहिली की मला तो जास्तीचा अर्धा नंबर आठवतो.

मला जवळची वाटते ती मार्कच्या आठव्या अध्यायातली बेथसैदाची गोष्ट. चार शुभवर्तमानांपैकी ती फक्त मार्कने सांगितली आहे. मत्तय आणि लूक यांनी ती घेतली नाही. कदाचित अवघड वाटली असेल, कारण इथे येशूचा स्पर्श पहिल्यांदा पुरा पडत नाही. लोक एका आंधळ्याला घेऊन येतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि मग विचारतो, काही दिसतंय का? बाकी चमत्कारांत असं विचारणं नाही. तो माणूस म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग येशू पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं स्वच्छ दिसू लागतं.

व्यवसाय म्हणून हे वाचताना मी त्या उत्तरावर थांबतो. इतकं नीट उत्तर देणारा पेशंट क्वचित मिळतो. हा जन्मांध नसावा, कारण झाड कसं दिसतं हे त्याला ठाऊक आहे. 1728 मध्ये लंडनच्या चेझल्डन नावाच्या शल्यचिकित्सकाने लहानपणीच दृष्टी गेलेल्या एका मुलावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून त्याची हकिकत छापली. त्या मुलाला सुरुवातीला दिसणारी प्रत्येक वस्तू डोळ्याला येऊन चिकटली आहे असं वाटे, आकार ओळखता येत नसत. बेथसैदाच्या माणसाचं तसं नाही. त्याने दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या. डोळ्यांना दिसतो तो बुंधा. बुंधा चालतोय, म्हणजे माणूस असला पाहिजे, ही झाली त्याची अक्कल. दिसलं किती आणि जोडलं किती, हे त्याने एका वाक्यात उघडं ठेवलं. ज्याने डोळे दिले त्याच्यासमोर ‘अजून नीट दिसत नाही’ म्हणायला भीड वाटली असती. आपण असतो तर आभार मानून गावात परतलो असतो आणि जन्मभर झाडांना नमस्कार करत बसलो असतो.

आणि येशूला विचारायची गरज तरी काय होती? आमच्याकडे रेटिनोस्कोप नावाचं हत्यार असतं. अंधाऱ्या खोलीत त्याची उजेडाची पट्टी बुबुळावरून फिरवायची आणि आतली लाली कोणत्या बाजूला सरकते ते बघायचं. भिंगं बदलत ती हालचाल थांबवली की नंबर कळतो; पेशंटने तोंड उघडायची गरज नसते. तान्ह्या मुलांचा नंबर असाच काढतात. तरीही ज्याला बोलता येतं त्याला शेवटचा नंबर विचारूनच द्यायचा, असं आम्ही शिकलो. नंबर मला कळलेला असतो, पण चष्मा त्याला घालायचा असतो.

माझी रात्रीची प्रार्थना या गोष्टीमुळे बदलली. पूर्वी ती मागण्यांची यादी असे. आता बराचसा वेळ मी दिवसातलं एखादं दृश्य घेऊन बसतो, आणि प्रश्न तोच असतो, फक्त खुर्चीत मी. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने आज पुन्हा माझ्या शटरसमोर स्कूटर लावली. मुद्दाम. मुद्दाम हे दिसलं का? दिसली ती स्कूटर. मुद्दाम मी घातलेलं आहे. जेवताना बायको गप्प होती. रागावली होती, असं मी ठरवून टाकलं होतं. दिसलं ते एवढंच की ती गप्प होती, आणि भाकरी अर्धी ठेवून उठली. ज्याला माझा नंबर आधीच माहीत आहे त्याच्यासमोर उगाच शेवटची ओळ वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. अशा प्रार्थनेने शेजारी एकदम देवदूत झाला असं नाही. स्कूटर अजून तिथेच असते, आणि मला ती अजून खुपते.

दसऱ्याच्या आधी आम्ही पाथर्डीकडच्या गावांत नेत्रतपासणी शिबिर घेतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गावं उन्हाळ्यापर्यंत अर्धी रिकामी होतात. देवळाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या वर्गात रांग लागते. दुपारनंतर मला त्या रांगेत माणसं दिसेनाशी होतात. मोतीबिंदू, मोतीबिंदू, चाळिशी, डोळ्यावर वेल, पुन्हा चाळिशी. झाडंच, चालणारी. चाळिशीच्या माणसाला फार वेळ देत नाही कोणी. वय विचारायचं आणि वयाप्रमाणे ठरलेलं भिंग हातावर ठेवायचं: पंचेचाळिशीला एकच्या आसपास, पन्नाशी ओलांडली की दोन. बहुतेकांना ते चालतंही. पण येशूने त्या माणसाला हात धरून गर्दीतून बाजूला नेलं होतं, हे मला अशा वेळी टोचतं, आणि मग मी निदान एक प्रश्न जास्त विचारतो: कशासाठी हवाय?

पन्नाशी उलटलेली एक मावशी होती. लांबचं उत्तम. जवळच्या कार्डावरचे इंग्रजी ‘ई’ कोणत्या तोंडाचे आहेत ते दोनच्या भिंगाने तिने बोटाने बरोबर दाखवले.

‘कशासाठी हवाय, मावशी? तांदूळ निवडायला?’

‘तांदूळ सून निवडती. मला मुकादमाची वही बघायची हाय.’

‘वाचता येतं?’

‘अक्षर न्हाई येत. आकडा येतो. उचल किती मांडली त्ये बघायचंय.’

उचल म्हणजे हंगामाआधी जोडप्याला अंगावर मिळणारी रक्कम. ती फिटेपर्यंत तोडत राहायचं. आकडा काय लिहिला आहे यावर पुढचे सहा महिने ठरतात.

‘वही तुमच्या हातात देतो का तो?’

‘छ्या! त्याच्याच हातात ऱ्हाती.’

दोनचं भिंग हातातलं पुस्तक वाचायला ठीक, दीड फुटाच्या आतबाहेर. समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवरची वही त्याहून लांब असते. त्या अंतरावर दोनच्या भिंगातून तिला ती धुरकटच दिसली असती. मी माझं रजिस्टर मांडीवर उघडून तिच्यासमोर बसलो आणि भिंग उतरवत गेलो. सव्वावर ती थांब म्हणाली. तिने माझ्या मांडीवरचे आकडे वरून खाली वाचले, एका ठिकाणी बोट ठेवून हा सात हाय का एक, म्हणून विचारलंही. माझं अक्षर वाईट आहे.

फ्रेम निवडताना तिने नवीनच मुद्दा काढला. कोयता चालवताना घाम येतो, नाकावरून घसरंल. मी म्हणालो, फडात लावायचाच नाही, हिशेबापुरता लावायचा.

‘मग दोरी दे,’ ती म्हणाली. ‘हिशेब कवाबी निघतो.’