कळसूबाईवर कळसूबाई

पिवळा. भंडाऱ्याचा पिवळा! निमगाव दावडीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की पायरी, माणूस, बैल काही वेगळं ओळखू येत नाही. तसा पिवळा इथे अख्ख्या डोंगराला लागला होता. एका डोंगराला नाही, त्याच्या मागच्याला आणि त्याच्याही मागच्याला. मी काचेला नाक लावून बसलेलो. नात म्हणाली, "आजोबा, पापणी तरी हलवा!"

आमचं गाव अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव. बटाटा, कांदा, ऊस आणि त्या उसातला बिबट्या, हे आमचं जग. तिथून लेकीकडे डेन्व्हरला आलो, आणि ऐन नवरात्रात जावयांनी घरगाडी भाड्याने आणली. इथे तिला आरव्ही म्हणतात. बाहेरून ट्रक, आत स्वयंपाकघर, पलंग, मोरी, संडास! "बाबा, सीझन संपत आलाय. गर्दी गेली. आता डोंगरात राहण्यासारखं सुख नाही," ते म्हणाले. राहायचं म्हणजे कसं? तर विजेची जोडणी नाही, नळ नाही, हाकेच्या अंतरावर शेजार नाही.

कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यातली ही सॅन ह्वान डोंगररांग. उरे गावाहून सिल्व्हर्टनकडे जाणारा रस्ता असा की माळशेज घाट त्यापुढे अंगण वाटावा. दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण हिवाळ्यात बर्फ ढकलायला ती कड मोकळी लागते. मी डोळे मिटत होतो आणि पुन्हा उघडत होतो. वरची रेड माउंटन खिंड ३,३५८ मीटरवर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी वर सहासष्ट मीटर उरतात, आणि तिथून डांबरी रस्ता जातो! खिंडीच्या अंगचे डोंगर तांबडेलाल. दगडातलं लोखंड गंजून हा रंग चढतो, आपला गेरूही त्याच जातीचा. आमच्या घराची चौकट दिवाळीला गेरूने सारवायचे. इथे कुणी डोंगर सारवून ठेवलाय.

राष्ट्रीय वनाच्या हद्दीत, पायवाटेपेक्षा थोडी बरी अशा एका वाटेच्या टोकाला आम्ही थांबलो. या वनांत मोकळ्या जागी साधारण चौदा दिवसांपर्यंत फुकट राहू देतात. इंजिन बंद झालं आणि एक सळसळ ऐकू आली. वारा नव्हता. तरी झाडं वाजत होती.

ती अ‍ॅस्पेनची झाडं. खोड पांढरं, चुन्याचा हात दिल्यासारखं. एक पान उचलून बघितलं: तळहातात मावेल असं गोलसर, आणि देठ चपटा. त्या चपट्या देठामुळे जराशा झुळुकेनेही पान थरथरतं. पारावरचा पिंपळ असाच वाजतो. पण खरा चमत्कार जमिनीखाली आहे. एका कांडीतून उसाचं बेट फुटतं, तशी एकाच मुळापासून शेकडो अ‍ॅस्पेन उठतात. म्हणूनच डोंगरावर एक पट्टा पुरता पिवळा आणि शेजारचा अजून हिरवा दिसतो. एका मुळाची सगळी खोडं एकदम रंगतात. शेजारच्या युटा राज्यात 'पांडो' नावाचं असं एकच झाड ४३ हेक्टरांवर पसरलंय. शंभर एकरांवर आणि एकच झाड! हे ऐकून मी खाली बसून मातीवर हात ठेवला.

दिवस मावळला तशी थंडी अंगावर धावून आली. मंचरच्या बाजारात पहाटे शेकोटीभोवती उभे राहतो ती थंडी म्हणजे इथली दुपार. गाडीत प्रोपेनवर चालणारी भट्टी होती. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो, आणि शून्य अंशाच्या आसपास त्याचा वायू होईनासा होतो. निव्वळ प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत थंडीला दाद देत नाही. पण भट्टीचा पंखा बॅटरीवर, बॅटरी छतावरच्या सोलरवर, आणि या दिवसांत सूर्य कलून चालतो, लवकर डोंगराआड जातो. मग मोबाइल बंद, एकच दिवा चालू. आमच्याकडे शेतीला रात्रीची वीज येते, आणि बिबट्याच्या भीतीने काठी आपटत पंप चालू करायला जावं लागतं. विजेची वाट बघणं मला नवं नव्हतं. नवं हे, की ज्यांच्या घरात ती चोवीस तास वाहते ते लोक हौसेने ती मोजायला इथे येतात.

पाण्याचंही तेच. टाकीत दीडशे लिटर, माणसं पाच, रात्री तीन. माझ्या सौभाग्यवतीने ताबा घेतला. ताटं आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात विसळायची. बहात्तरच्या दुष्काळात आई अशीच राखेने भांडी घासून पाण्याचा नुसता हात फिरवायची, हे लेकीला पहिल्यांदाच कळलं.

आणि डाळ शिजेना! इतक्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात खदखदतंय, वाफा निघताहेत, आणि दाणा दाताखाली कचकन लागतोय. शेवटी लेकीने कपाटातून कुकर काढला. अंधार, गारठा, खिडकीवर साचलेली वाफ. पहिली शिट्टी झाली. आणि बाहेरून उत्तर आलं.

लांब, चढत चढत जाणारी शीळ. वर टोकाला जाऊन चिरकलेली, मग खाली घुसमटून डरकल्यासारखी. आम्ही सगळे थिजलो. कानांना बिबट्याची सवय आहे, पण हे काय? "एल्क," जावई कुजबुजले. आपल्या सांबरापेक्षाही थोराड असं हरीण. या दिवसांत नर माद्यांसाठी असा साद घालतो. दुसरी शिट्टी झाली. पुन्हा उत्तर! त्या रात्री डाळीला दोन शिट्ट्या जास्तच दिल्या.

जेवून बाहेर आलो आणि मान वर केली. मी चांदणं बघितलेलं माणूस आहे, खळ्यावर झोपून वाढलोय. पण हे आभाळ खाली आलेलं होतं. आकाशगंगा डोंगराच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवर पिठासारखी सांडलेली. सवयीने ध्रुव शोधला तर जागेवर नाही! आमच्या रानातून तो एकोणीस अंशांवर, शेजारच्या आंब्याच्या शेंड्याशी दिसतो. इथे तो बरोबर दुप्पट वर जाऊन बसला होता. पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलं होतं. त्या रात्री मानेला कळलं.

दसऱ्याची सकाळ. गवतावर पांढरं दहिवर, पायाखाली कुरकुर मोडतंय. चहाचा पेला हातात धरून उभा आहे आणि वरच्या वळणावरून आवाज येतो. बँ... बँ... मी ओळखला! सातासमुद्रापार आलो तरी हा आवाज मी ओळखणार नाही?

मेंढ्या. हजारभर तरी असतील. उन्हाळाभर माथ्यावर चरून बर्फाआधी खाली निघालेल्या. पुढे घोड्यावर पेरू देशातून आलेला मेंढपाळ, कडेने अस्वलाएवढी पांढरी राखणीची कुत्री. मागून चाकांवरचं लहानसं घर येत होतं, छतातून शेगडीचं धुराडं निघालेलं. अशा गाड्या १८८० च्या दशकात वायोमिंगकडे मेंढपाळांसाठी घडवल्या गेल्या; आम्ही झोपलो त्या आरव्हीची पणजीच ती. आणि ओल्या लोकरीचा तोच वास! दिवाळीनंतर आमच्या रानात धनगरांचा वाडा उतरतो: घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी आणि कोकरू, रात्री वाघरीत मेंढ्या. वडील बटाट्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचे. धनगरीण दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. मी लांबून बघायचो. एक रात्रही त्या वाड्यावर राहिलो नाही.

मेंढपाळ थांबला. नात शाळेत स्पॅनिश शिकते, तिने विचारलं. घरी लेकरं आहेत, तीन वर्षं झाली भेटून, तो म्हणाला.

हिने रात्रीच्या दशम्या आणि लोणचं कागदात बांधून दिलं. सोनं द्यायला आपट्याचं पान कुठलं? मी वाकून अ‍ॅस्पेनचं एक पिवळंजर्द पान उचललं, त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." नातीने जमेल तसं सांगितलं. त्याने पान उजेडात धरलं, हॅट काढली आणि तिच्या पट्टीत खोचलं. आमच्याकडे दसऱ्याला घटातलं धान टोपीत खोचतात, अगदी तसं. मग त्याने शीळ घातली आणि मेंढ्या चालू लागल्या.