सैंधव आणि प्लाझ्मा

आम्ही मूळचे संस्कृतचे शिक्षक. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास आमच्याच गळ्यात पडे. अशाच एका तासाला द्रव्याच्या अवस्था शिकवून झाल्यावर आम्ही विचारले, "प्लाझ्माला ठराविक आकार व आकारमान असते काय?" एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आकार नसतो, आकारमान असते. माझे बाबा त्याच्या पिशव्या नेतात, त्यांवर माप लिहिलेले असते." त्याचे वडील रुग्णालयात चाकरीस होते. पुस्तकात तर दोन्ही नसतात असे छापलेले! वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि त्यास तास संपेपर्यंत उभे केले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या नातवास डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला, तशी घरच्या मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर मात्र म्हणाले, "खरी काळजी आता. या वेळी काही रोग्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो." रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ते वरचेवर तपासवीत. ते चढले म्हणजे रक्त वाढले असे नव्हे, तर त्यातील द्रव घटला असे समजावयाचे. रक्तात शेकडा सुमारे ५५ भाग हा पिवळसर द्रव असतो आणि त्यातही बहुतांश पाणीच. ज्या वाहिनीत शिरेल तिचा आकार तो घेतो. पण त्याचे माप ढळले की जीव धोक्यात येतो. सलाइन द्यावयाचे तेही मोजून. उणे घातक, अधिकही घातक. दोन रात्री आम्ही थेंब पाहत बसलो, तेव्हा त्या मुलाचे उत्तर आम्हांस आठवले.

नातू बरा होऊन घरी आल्यावर आम्ही शब्दाचा माग काढला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडविलेली वस्तू'. रक्तातील द्रवास हे नाव आधीपासून होतेच. १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी विद्युत्भारित कणांच्या वायूसही तेच दिले. पेशी वाहून नेणाऱ्या रक्तद्रवाची त्यांस आठवण झाली, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे लिहिले आहे. हा दुसरा प्लाझ्मा सूर्यात आहे, विजेच्या लोळात आहे, आपल्या ट्यूबलाइटमध्येही आहे. त्यास स्वतःचा आकार नाही, आकारमानही नाही. नळीत कोंडावा तर नळीभर पसरतो. मराठीत एकास रक्तद्रव व दुसऱ्यास आयनद्रायू अशी निराळी नावे आहेत. तीच त्या दिवशी फळ्यावर लिहिली असती तर!

'सैंधव' म्हणजे मीठ आणि घोडाही. जेवणाच्या पानावर मागितले तर मीठ आणावे, प्रवासास निघताना मागितले तर घोडा. प्रसंगावरून अर्थ ठरतो, हे आम्ही संस्कृतच्या तासाला वर्षानुवर्षे शिकविले आणि विज्ञानाच्या तासाला स्वतःच विसरलो. मुलाचे उत्तर त्या तासापुरते चुकले होते, परंतु खोटे नव्हते. "बाळा, तू कोणत्या प्लाझ्माविषयी बोलतोस?" एवढे विचारावयास कितीसा वेळ लागला असता?

त्याचा पत्ता मिळवून आम्ही क्षमेचे पत्र धाडले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही; ते मागण्याचा अधिकारही आम्हांस नाही.